कमिशन ८० टक्के सांगतात, पण करार दाखवत नाहीत. सही करावी का?

प्रश्न

नमस्कार. विमा एजंटची परीक्षा पास झाले, परवाना लवकरच हातात येईल. सात वर्षं हिशेबाच्या खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे आकडे कळतात. विक्रीचा अनुभव मात्र अजिबात नाही.

गेल्या पंधरवड्यात दोन एजन्सीवाल्यांनी भेटायला बोलावलं. पहिल्याने तासभर बक्षीस समारंभाचे आणि सहलींचे फोटो दाखवले आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ८० टक्के कमिशन देतो म्हणाला. करार मागितला तर म्हणे, "जॉइन झालात की ऑनलाइन येतो, सगळ्यांचा सारखाच असतो." आणि येताना १०० ओळखीच्यांची नावं-नंबर लिहून आणा. दुसऱ्या बाई ५० टक्केच देतात, पण त्यांनी २२ पानांचा करार हातात ठेवला आणि घरी नेऊन वाचा म्हणाल्या. वाचला, पण ॲडव्हान्स, चार्जबॅक, व्हेस्टिंग हे शब्द आले की अडकते. ८० सोडून ५० घेणं चूक ठरेल का? नोकरीचा राजीनामा अजून दिलेला नाही.

उत्तर १

ताई, राजीनामा दिला नाहीत हे फार बरं केलंत. मी १४ वर्षं हेच काम करतो आहे. पहिल्या पाच वर्षांत जे गमावलं ते तुमचं जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

करार शेवटाकडून वाचा. 'करार संपुष्टात आल्यास' हे कलम आधी काढा. मी पहिली एजन्सी सोडली तेव्हा माझ्या नावावर तीनशेच्या वर पॉलिसी चालू होत्या. दर वर्षी त्यांचं नूतनीकरणाचं कमिशन येत होतं आणि ते माझंच आहे असं मी धरून चाललो होतो. सोडल्याच्या पुढच्या महिन्यापासून एक पैसाही आला नाही. करारात एका ओळीत लिहिलं होतं, की संबंध संपल्यावर पुढचं सगळं कमिशन एजन्सीकडे जाईल. सही माझीच होती. ग्राहकांचे फोन मात्र मलाच येत राहिले. एका घरातले कर्ते गेले, तेव्हा दाव्याची कागदपत्रं मीच जमवून दिली. त्या घरातल्या बाईंना नवीन माणसाकडे जा म्हणून सांगणं मला जमलं नाही.

व्हेस्टिंग म्हणजे हेच: सोडून गेल्यावरही नूतनीकरणाचं कमिशन तुमचं राहतं का, आणि किती वर्षांनंतर राहतं. कुठे पहिल्या दिवसापासून असतं, कुठे काही वर्षं काढल्यावर, कुठे कधीच नाही. 'सकारण काढल्यास हक्क संपेल' असं असेल तर त्या कारणांची यादी करारातच हवी. 'एजन्सीस योग्य वाटेल ते कारण' असं लिहिलं असेल तर व्हेस्टिंगला काही अर्थ उरत नाही.

आता ॲडव्हान्स. तुम्ही हिशेबातल्या आहात, वही घ्या. ग्राहकाचा हप्ता महिना १,००० आणि तुमचं कमिशन ५० टक्के. म्हणजे तुमची खरी कमाई महिना ५००, आणि तीही हप्ता भरला गेला तरच. एजन्सी ९ महिन्यांचं आगाऊ देते, पॉलिसी झाली की लगेच ४,५०० खात्यात. ग्राहकाने चार हप्ते भरून पॉलिसी बंद पाडली, तर तुम्ही कमावले २,०००. उरलेले २,५०० परत द्यायचे. हा चार्जबॅक. अशा दहा पॉलिसी बंद पडल्या तर २५,००० अंगावर, आणि आलेले पैसे तर घरखर्चात गेलेले असतात. नवीन मुलं पहिल्या वर्षी इथेच मोडतात. म्हणून थकबाकीवर व्याज लागतं का, ती पुढच्या कमिशनमधून किती कापतात आणि तुम्ही सोडलंत तर कोणाकडून वसूल करतात, हे लेखी घ्या. आगाऊ नकोच, हप्ता येईल तसं कमिशन द्या, असंही मागता येतं. सुरुवातीला हात आखडता राहील, पण झोप लागेल.

८० टक्क्यांबद्दल एवढंच विचारा: कशाच्या ८०? एकाच प्लॅनवर? ठरावीक धंदा झाल्यावर? आणि दुसऱ्या वर्षापासून किती? काही देशांत कमिशनला नियामकाची मर्यादा असते, तुमच्याकडे हा आकडा बसतो का तेही बघा. लीडचा, म्हणजे संभाव्य ग्राहकांच्या नावा-नंबरांचा खर्च, प्रशिक्षणाची फी, सॉफ्टवेअरचं मासिक भाडं तुमच्यातून कापलं तर ८० हे ५० च्या खाली यायला वेळ लागत नाही.

ती १०० नावांची यादी देऊ नका. तुम्ही चार महिन्यांत गळलात तरी ती नावं त्यांच्याकडे राहतात. तुमचे मामा, मावशी, जुने सहकारी यांच्या पॉलिसी दुसऱ्याच्या खात्यात चालू राहतात. काही ठिकाणी माणसं घेतातच त्या यादीसाठी.

उत्तर २

मी स्वतः टीम बांधतो, भरती करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. माझा कमिशनचा स्तर ९० टक्के आणि तुमचा ५० असेल तर तुमच्या प्रत्येक पॉलिसीवर मधले ४० टक्के माझे. यात लपवण्यासारखं काही नाही, पण त्या ४० टक्क्यांच्या बदल्यात मी काय देतो हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पहिल्या किती भेटींना सोबत येणार? लीड कोण देणार, आणि त्या आधी किती जणांना विकलेल्या आहेत? तुम्ही शेवटची पॉलिसी स्वतः कधी विकली? या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

आणखी एक आकडा मागा: टीमच्या किती टक्के पॉलिसी तेराव्या महिन्यातही, म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावरही चालू आहेत. खोटं बोलून विकणाऱ्याचा हा आकडा पडतोच. आमच्या साखळीत खालच्या एजंटची थकबाकी वसूल झाली नाही तर ती माझ्यावर येते, म्हणून नवीन माणसाला मी मोठा ॲडव्हान्स देतच नाही. जो पहिल्याच दिवशी भरभरून आगाऊ देतो, तो ती जोखीम कोणावर टाकतो आहे ते करारात शोधा.

उत्तर ३

कमिशन कंपनी थेट तुमच्या खात्यात भरते की एजन्सीमार्फत येतं, हे बघा. माझं एजन्सीमार्फत यायचं. एजन्सीचे पैसे अडकले तेव्हा तीन महिने माझेही अडकले, आणि कंपनी म्हणाली आम्ही तर दिलेत. शिवाय, दुसरीकडे जायचं असेल तर सोडपत्र लागतं का, ते द्यायला किती दिवस लावू शकतात, हेही विचारा. मला अर्धं वर्ष लटकवलं होतं.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर १ वाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे २२ पानं उलटीकडून वाचली. पहिल्या गृहस्थांना फोन करून तेराव्या महिन्याचा आकडा आणि करार मागितला. "एवढा अविश्वास असेल तर हे क्षेत्र तुमच्यासाठी नाही" असं म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या बाईंकडे काल दोन तास बसले. व्हेस्टिंग तीन वर्षांनी आहे, कमिशन कंपनीकडून थेट येतं, लीडचे पैसे कापत नाहीत. तेराव्या महिन्याचा आकडा त्यांनी स्वतःच्या स्क्रीनवर उघडून दाखवला. दोन गोष्टी खटकल्या. कमिशनचा दर एजन्सी पूर्वसूचना देऊन बदलू शकते असं कलम होतं. जुन्या पॉलिसींना नवा दर लागणार नाही, ही ओळ त्यात घालायला त्या तयार झाल्या. सकारण काढण्याची कारणं मात्र मोघम आहेत. ती यादी त्या वरून लेखी मागवून देणार आहेत. आगाऊ कमिशन मी घेणार नाही असं सांगितलं, तर म्हणाल्या, पहिले सहा महिने कठीण जातील, घरात दुसरा पगार आहे ना?

आहे. तरी सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी चालू ठेवते. ती यादी आली की कलम इथे लिहीन, कृपया एकदा नजर टाका.

उत्तर १

नक्की लिहा. यादीत 'प्रतिस्पर्ध्यासोबत काम केल्यास' असं काही असेल तर सोडून गेल्यावर ती अट किती काळ लागू राहते, ते आधी बघा. माझ्या करारात त्याला मुदतच नव्हती.