गेस्टला नाव द्या, हँडल नको!

उद्यमबागचा_रूट
काल परत तेच. वर्कशॉपच्या लिनक्स सर्व्हरवर मेमरी संपली, ओओएम किलरनं (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) क्यूईएमयू, म्हणजे गेस्ट चालवणारा प्रोग्राम, उडवला आणि त्याच्याबरोबर अकाउंट्सचं गेस्टही (सर्व्हरच्या आत चालणारं आभासी मशीन) गेलं. का? केव्हीएमचं (लिनक्स कर्नलमधली आभासी मशीन चालवायची सोय) गेस्ट म्हणजे एका प्रोसेसच्या हातातला फाइल डिस्क्रिप्टर, कर्नलनं त्या प्रोसेसपुरता दिलेला नंबर, म्हणजेच हँडल. हात सुटला की मडकं फुटलं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बीहाइव्हमध्ये (तिथलं केव्हीएमसारखंच) बघा, /डेव्ह/व्हीएमएम खाली प्रत्येक गेस्ट नावानिशी बसलेलं असतं. ड्रायव्हर असा पाहिजे. आणि ती आयऑक्टलची (ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल) बायनरी स्ट्रक्टं फेकून द्या. सगळं मजकुरात ठेवा, कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) मारला की दिसलं पाहिजे.

टिळकवाडी_रिंग०
हे वाचेपर्यंत चहा थंड झाला, म्हणून लांबच लिहितो.

बीहाइव्हची प्रोसेस मेल्यावर नाव राहतं, कबूल. पण व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) चालवणारा थ्रेड कुठाय? डिस्क, नेटवर्क कोण बघणार? ते सगळं त्या प्रोसेसमध्येच होतं की! मागं राहते ती फक्त अडवलेली मेमरी. मी स्वतः भोगलंय. माझी टेस्ट स्क्रिप्ट दर वेळी नवीन नावानं गेस्ट काढायची आणि मध्येच मरायची. सकाळी 8 जीबीचं मशीन गच्च, चालू गेस्ट एकही नाही. एकेक नाव शोधून बीहाइव्हसीटीएलनं डिस्ट्रॉय मारत बसलो.

केव्हीएममध्ये /डेव्ह/केव्हीएम उघडलं की व्हीएमचा डिस्क्रिप्टर, त्याच्यातून व्हीसीपीयूचा. प्रोसेस मेली की कर्नल सगळं आवरतो. आवरायचं विसरूच शकत नाही, हीच तर गंमत. मजकुराचं म्हणशील तर गेस्ट सेकंदाला हजारो वेळा बाहेर येतं (थांबून काम होस्टकडं, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनकडं, देतं; तोच एक्झिट). बाहेर येण्याचं कारण एमॅप केलेल्या, म्हणजे कर्नल आणि प्रोसेस दोघांना दिसणाऱ्या, पानावर तयार असतं, कॉपीसुद्धा नाही. तिथं तू स्ट्रिंग पार्स करत बसणार? लिनक्स 2.6.22 पासून केव्हीएमचं एपीआय व्हर्जन 12 वर थांबलंय. नवीन काही आलं तर ते आहे का, हे चेक-एक्स्टेन्शन या आयऑक्टलनं विचारायचं. तुझी तक्रार ओओएमवर आहे, राग ड्रायव्हरवर काढालास.

उद्यमबागचा_रूट
दर एक्झिटला पार्स करा असं मी कुठं म्हटलं? तयार करणं, थांबवणं, आकडे बघणं, एवढंच मजकुरात. आधी वाचा, मग चहा प्या.

निपाणी_नोड
दोघं गेस्ट गेस्ट काय करालाय? मराठीत बोलताय तर पाहुणा म्हणा, होस्टला यजमान.

खानापूरची_पोर
यजमान म्हणजे आमच्याकडं नवरा! कन्नडमध्येपण यजमानरू तेच. फोनवर 'यजमान क्रॅश झालेत' म्हटलं तर शेजारणी धावत येतील.

निपाणी_नोड
आणि पावणे म्हणजे सोयरे. चार दिवस म्हणून येतात, जायचं नाव घेत नाहीत.

टिळकवाडी_रिंग०
तेच बीहाइव्ह.

निपाणी_नोड
😂 पाट्यांवरून भांडून पोट भरलं नाही, आता कर्नलमध्येही सीमावाद.

चिकोडी_जंक्शन
तुला विनोद सुचतोय. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव मराठीतून, रेशनकार्डावर कन्नडमधून आलेलं, डिग्रीवर इंग्रजीतून तिसरंच. आडनावातला 'ळ' प्रत्येक ठिकाणी वेगळा. मी तोच माणूस हे सिद्ध करायला ॲफिडेव्हिट, वर चार हेलपाटे. नावावरून वस्तू शोधायची म्हणजे काय ते मला विचारा. नाव एकाचं दोघांना लागतं, जुनं गेलं की त्याच नावावर नवीन येऊन बसतं. माझ्या हातात हँडल असतं तर मी कोण हे कुणी विचारलंच नसतं.

खानापूरची_पोर
हेलपाटे फक्त चारच? नशीबवान आहात. लग्नानंतरचं नाव लावायला मला सहा लागले.

निपाणी_नोड
सॉरी दादा. तसं म्हणायचं नव्हतं.

उद्यमबागचा_रूट
दाखल्याचं दुःख खरं, पण त्यानं मुद्दा सुटत नाही. रात्री दोनला मशीन हळू झालं. कुठलं गेस्ट काय खातंय ते बाहेरून कसं बघू?

टिळकवाडी_रिंग०
डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) माउंट असेल तर त्यात केव्हीएमच्या फोल्डरखाली दर व्हीएमचं फोल्डर असतं.

उद्यमबागचा_रूट
त्याचं नाव काय, सांग की. पीआयडी (प्रोसेसचा नंबर), आडवी रेघ, डिस्क्रिप्टरचा नंबर! शिवाय डीबगएफएस म्हणजे काही करार नव्हे, उद्या बदललं तर बोंबलायचं कुणाकडं? लिनक्स 5.14 मध्ये आकड्यांची नीट सोय आली, ती परत डिस्क्रिप्टरमागेच. आणि व्हीएमचे आयऑक्टल ज्या प्रोसेसनं ते बनवलं तिनंच मारायचे, दुसऱ्यानं मारले तर ईआयओ ही एरर. म्हणजे घरमालकालाच आत डोकावता येईना.

टिळकवाडी_रिंग०
...हे बरोबर आहे. क्यूईएमयूच्या सॉकेटवर जाऊन त्यालाच विचारावं लागतं, आणि तोच अडकला असेल तर बसा बोंबलत. बघण्यापुरतं नाव असावं, मान्य. जगणं-मरणं मात्र डिस्क्रिप्टरवरच.

चिकोडी_जंक्शन
एवढ्यासाठी दोन दिवस भांडला होय?

उद्यमबागचा_रूट
अर्धंच मान्य केलंय त्यानं. बाकी, आज क्यूईएमयूचा ओओएम स्कोर खाली केला, म्हणजे मारायच्या यादीत तो मागं गेला, आणि स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवला. तुझं ऐकून नाही, आधीच ठरलं होतं.