मदत हवी आहे : खारफुटीच्या अन्नसाखळीत जिवाणूंचं कार्ड कुठे ठेवायचं?

गोव्यात चोडणला खारफुटीच्या कडेला चौथीच्या ३० मुलांसाठी सुतळीचा खेळ घ्यायचा आहे. गळ्यात कार्डं : सूर्य, खारफुटी, जिवाणू, कोळंबी, कुर्ली (खेकडा), निवटी (चिखलात उड्या मारणारा मासा), खंड्या, पाणमांजर. सुतळी खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जाते. मुलं हटकून उलटी देतात, म्हणून पुढच्या टोकाला लाल चिंधी बांधली, ते जमलं.

अडतंय ते जिवाणूंपाशी. खारफुटीची बरीचशी पानं झाडावर कुणी खात नाही. ती गळून चिखलात कुजतात, त्यांवर बुरशी-जिवाणू वाढतात आणि तो सगळा चुरा कुर्ल्या-कोळंब्या खातात. (काही कुर्ल्या पडलेलं पान थेट बिळात ओढतात, तो फाटा सध्या सोडला आहे.) जिवाणू शेवटी ठेवले तर मुलांना ते नुसते सफाईवाले वाटतात. सुरुवातीला ठेवले तर खारफुटीसारखे स्वतः अन्न बनवणारे वाटतात. सगळ्यांचं रिंगण केलं की ऊर्जाही फिरून परत येते असा समज होतो. खरं तर पोषकद्रव्यं फिरतात, ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. दोन्हींसाठी दोन रंगांच्या सुतळ्या वापरल्या, तर नुसता गुंता.

वेळ ४० मिनिटं, मुलं बांधावरच राहणार, प्लास्टिक नको, प्रोजेक्टर नाही. सुतळी एकच ठेवून पोषकद्रव्यांचा परतीचा प्रवास वेगळा कसा दाखवता येईल?