कॉनर ग्रिफिनला मार्चमध्येच मैदानात उतरवावं का?

अलेगेनीकाठ

फेब्रुवारी २०२६. आमच्या पायरेट्स या बेसबॉल संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) फ्लोरिडात ब्रेडेंटनला सरावासाठी जमलेत आणि इथे पिट्सबर्गमध्ये ऑफिसात जा नाहीतर न्हाव्याकडे जा, एकच नाव कानावर येतं: कॉनर ग्रिफिन. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पायरेट्सनी त्याला मिसिसिपीतल्या शाळेतून नवव्या क्रमांकावर उचललं. २०२५ मध्ये त्याने सिंगल-ए, हाय-ए आणि डबल-ए अशा मायनर लीगच्या (खालच्या लीगच्या) तीन पायऱ्या एकाच हंगामात चढल्या. सरासरी .३३३ (दर तीन प्रयत्नांत एक यशस्वी फटका), होमरन (थेट कुंपणापलीकडचे फटके) २१, चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले) ६५. आज होतकरू खेळाडूंच्या याद्यांमध्ये तो सगळ्यात वर आहे आणि वीस वर्षांचा व्हायचाय अजून. वाढदिवस २४ एप्रिलला.

माझं मत: २०२६ चा हंगाम सुरू होताना त्याला मेजर लीगमध्ये (सर्वोच्च लीगमध्ये) शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) उभं करू नये. दोन महिने तरी ट्रिपल-ए या मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीला, म्हणजे इंडियानापोलिसला खेळवावं.

आकड्यांवर माझा अविश्वास नाही. ते कुठे जमवले, ते बघा. हंगामाचा बराचसा भाग ब्रेडेंटन (सिंगल-ए) आणि ग्रीन्सबरोला (हाय-ए) गेला. अल्टूनाला डबल-एमध्ये तो आला ऑगस्टच्या उत्तरार्धात, म्हणजे तिथे जेमतेम महिनाभर. खालच्या पायऱ्यांवर ताशी ९५ मैलांनी चेंडू टाकणारी पोरं आता पैशाला पासरी आहेत. पण दोन बॉल (टप्प्याबाहेरचे चेंडू; चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट), शून्य स्ट्राइक (तीन झाले की बॅटर बाद) अशा अडचणीत असताना न घाबरता स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) टाकून स्ट्राइक मिळवणारा पिचर तिथे क्वचित भेटतो. अशा वेळी सरळ वेगवान चेंडूच येणार हे बॅटरला माहीत असतं आणि तो त्याचीच वाट बघत उभा असतो. मेजर लीगमध्ये ही खात्री संपते. तिथे कुठल्याही क्षणी काहीही येतं.

आता एक यादी बघा. ‘बेसबॉल अमेरिका’ दरवर्षी मायनर लीगमधला सर्वोत्तम खेळाडू निवडतं. २०२५ चा मान ग्रिफिनला मिळाला. त्याआधीचे दोन मानकरी कोण? २०२३ चा जॅक्सन हॉलिडे. बाल्टिमोरच्या ऑरिओल्सनी त्याला १० एप्रिल २०२४ ला वर आणलं. १० सामने, ३४ प्रयत्न, २ हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), आणि परत ट्रिपल-एला, नॉरफोकला रवानगी. २०२४ चा मानकरी क्रिस्टियन कॅम्पबेल. बॉस्टनच्या रेड सॉक्सनी त्याला २०२५ च्या पहिल्या दिवसापासून खेळवलं, ८ वर्षांचा ६ कोटी डॉलरचा करार दिला. एप्रिलमध्ये तो अमेरिकन लीगचा महिन्यातला सर्वोत्तम नवखा ठरला. मे महिन्यात बॅट थंडावली आणि जूनमध्ये त्याला ट्रिपल-एला, वूस्टरला परत पाठवलं. लागोपाठ दोन वर्षं हेच घडलं. तिसऱ्यांदा तेच करायची घाई कशासाठी?

डावखुरा

पूर्ण असहमत. यादी तुम्ही सोयीच्या ठिकाणी थांबवलीत, अजून दोन वर्षं मागे जा. २०२१ चा मानकरी बॉबी विट धाकटा: २०२२ च्या पहिल्या दिवसापासून रॉयल्सकडून खेळला, २० होमरन मारले, ३० बेस चोरले. २०२२ चा गनर हेंडरसन: २०२३ मध्ये सुरुवातीला त्याची बॅट चालेना, पण ऑरिओल्सनी त्याला परत पाठवलं नाही. हंगामाअखेर २८ होमरन आणि एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवखा. ऑरिओल्स आणि रेड सॉक्सचं तोंड दुधाने पोळलं म्हणून पायरेट्सनी ताक फुंकत बसायचं का?

आणि जॅक्सन मेरिल? सॅन डिएगोच्या पाड्रेसनी २०२४ मध्ये वीस वर्षांच्या पोराला ट्रिपल-एचा एकही सामना न खेळवता वर आणलं, तेही शॉर्टस्टॉपचा सेंटर फील्डर करून. .२९२, २४ होमरन, फटक्यांवर ९० धावा आणल्या.

पायरेट्सचं दुखणं काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तुम्ही त्या गावात राहता. २०२५ मध्ये ५८३ धावा, तीसही संघांत सगळ्यात कमी. आपला पिचर पॉल स्कीन्सने १.९७ च्या ईआरएवर (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकलं आणि त्याचे विजय-पराजय १०-१०. दहा पराभव! तो २०२९ नंतर मोकळा होणार, म्हणजे हव्या त्या संघाकडे जाऊ शकणार. त्याची उरलेली वर्षं मोजा आणि मग सांगा दोन महिने फुकट आहेत का.

अलेगेनीकाठ

विट आणि हेंडरसनची उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. दोघेही मेजर लीगमध्ये यायच्या आधी ट्रिपल-एमध्ये साठहून जास्त सामने खेळले होते, विट ओमाहाला आणि हेंडरसन नॉरफोकला. हेंडरसनला तर २०२२ च्या शेवटी मेजर लीगची चवही मिळाली होती. हॉलिडे आणि कॅम्पबेलचे ट्रिपल-एचे सामने तिशीच्या आत. ग्रिफिनचे शून्य.

मेरिलचं मान्य, तो अपवाद. पण त्याच्या पुढेमागे मचाडो, टाटिस, बोगार्ट्स होते. त्याने दोन आठवडे काहीच केलं नसतं तरी सॅन डिएगोत कुणी बोट दाखवलं नसतं. पायरेट्सनी यंदा ब्रँडन लो आणि रायन ओहर्नला आणलंय, त्याने भार हलका होईल. तरी या शहराची सगळी आशा त्या एका पोराच्या खांद्यावर येणार. १९७९ नंतर इथे वर्ल्ड सिरीज (हंगामाचं अंतिम विजेतेपद) आलेली नाही आणि २०१५ नंतर प्लेऑफही (हंगामानंतरची बाद फेरी) नाही.

स्टॉपवॉच

मी पेनसिल्व्हेनियातच राहतो आणि ग्रिफिन आल्यावर अल्टूनाच्या मैदानावर जाऊन आलोय. उजव्या कुंपणापलीकडे जुना लाकडी रोलर कोस्टर आहे, छान जागा आहे. पण मी बघत होतो होमप्लेटमागे (बॅटरच्या जागेमागे) बसलेल्या स्काउटांकडे (खेळाडू हेरणाऱ्यांकडे). रडार गन आणि स्टॉपवॉच हातात, स्कोअरबोर्डकडे लक्षच नाही.

ते काय मोजतात? प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये अंक: फटक्याची अचूकता, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. उजव्या हाताचा बॅटर चेंडू मारून पहिल्या बेसला ४.३ सेकंदांच्या आसपास पोचला तर धावेला ५०. चारच्या जवळ आला की ८०. हे अंक पिचर कोण आहे, पायरी कुठली आहे, यावर ठरत नाहीत. ग्रीन्सबरोला असलेले पाय पिट्सबर्गला तेच राहतात, आणि खांदाही.

म्हणून हॉलिडेशी तुलना मला पटत नाही. हॉलिडेची सगळी मदार बॅटवर होती, आणि मेजर लीगमध्ये त्याला नेहमीची शॉर्टस्टॉपची जागा सोडून सेकंड बेसवर उभं केलं होतं. ग्रिफिन स्वतःच्या जागेवर खेळेल. त्याने .२३० मारले तरी हात आणि पाय मिळून संघाला सामने जिंकून देतील. बॅट शिकायला वेळ लागेल, आणि तो मेजर लीगमध्येच शिकेल, कारण तसे पिचर इंडियानापोलिसलाही भेटत नाहीत. ड्राफ्टच्या वेळी त्याच्या फटक्याच्या अचूकतेवरच सगळ्यांनी शंका घेतली होती. वर्षभरात पोराने ती शंका खोडली. एवढ्या पटकन शिकणाऱ्याला खालच्या वर्गात बसवून काय मिळणार?

व्हर्जिनियाकर

हॉलिडेचं नाव निघालंय म्हणून लिहिते, आम्ही नॉरफोकच्या जवळच असतो. त्याला परत पाठवलं म्हणजे वाटोळं झालं असं सगळे लिहितात. ३१ जुलैला तो परत वर गेला आणि कॅम्डन यार्ड्सवर (ऑरिओल्सच्या मैदानावर) त्याचा मेजर लीगमधला पहिला होमरन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा, चार धावांचा) होता. हो, २०२४ ची सरासरी .१८९ च राहिली. पण २०२५ मध्ये १७ होमरन मारून जवळपास सगळा हंगाम खेळला. त्याचं नुकसान नेमकं काय झालं?

वीस वर्षांचं पोर आपटतं, उठतं. आपटू नये म्हणून जपत बसणं हे पालकांचं काम, संघाचं नाही. माझं मत ‘आत्ताच खेळवा’ या बाजूला.

पगारपत्रक

सगळे खेळावर बोलतायत, पण संघाच्या ऑफिसात या निर्णयाचा अर्धा भाग कॅलेंडरवर ठरतो.

मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा. ग्रिफिन पहिल्या दिवसापासून खेळला तर २०३१ नंतर सुटेल. पंधरा-वीस दिवस खाली ठेवला तर २०३२ नंतर. शिकागोच्या कब्सनी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला असंच आठ सामने थांबवलं. त्याचे दिवस भरले १७१. त्याने तक्रार केली, आणि २०२० मध्ये ती फेटाळली गेली.

हे थांबावं म्हणून लीग आणि खेळाडूंच्या २०२२ च्या करारात नवा नियम आला. नामांकित याद्यांतल्या पोराला पूर्ण वर्ष दिलं आणि तो सर्वोत्तम नवखा ठरला, तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड. शिवाय संघाने उशिरा आणलं तरी त्या मानाच्या मतदानात पोर पहिल्या दोघांत आलं, तर त्याला पूर्ण वर्ष आपोआप मिळतं.

पायरेट्सनी स्कीन्सला ११ मे २०२४ ला आणलं. तो सर्वोत्तम नवखा ठरला. म्हणजे त्याला पूर्ण वर्ष मिळालं, संघाचं जादा वर्ष गेलं आणि ड्राफ्टची निवडही मिळाली नाही. दोन्हीकडून घाटा. त्याच ऑफिसने हीच चूक पुन्हा करावी असं मला अजिबात वाटत नाही. अलेगेनीकाठ, तुमचे ‘दोन महिने’ नेमके त्याच खड्ड्यात नेतात.

अलेगेनीकाठ

हिशेब बरोबर आहे. पण ड्राफ्टच्या एका निवडीसाठी पोराला दोन महिने आधी ढकलायचं, हे मला पैसे वाचवायला थांबवण्याइतकंच चुकीचं वाटतं. दोन्हीकडे निर्णय खेळाबाहेरचा आहे.

कट्टा-पुणे

मी पुण्यात बसून पहाटे हायलाइट्स बघणारा. बेसबॉल अलीकडे कळायला लागलाय, म्हणून प्रामाणिक प्रश्न: आपल्याकडे सचिनला सोळाव्या वर्षी कराचीत उतरवला. इथे विसाव्या वर्षाची एवढी चर्चा का?

स्टॉपवॉच

@कट्टा-पुणे, चांगला प्रश्न. तिथे कसोट्यांमध्ये विश्रांती असते. इथे सहा महिन्यांत १६२ सामने, जवळजवळ रोज. एक कमजोरी सापडली की पुढच्या शहरातला पिचर तीच घेऊन तयार असतो, दुरुस्तीला सुट्टी नाही. म्हणून इथे पायऱ्या आहेत.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल. याच पायरेट्सनी २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. फेकण्याच्या स्पर्धेतून निवड झाली, रिंकूचा वेग ताशी ८७ मैल. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातातही घेतला नव्हता. त्यांनी जीव तोडून मेहनत केली, पण दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. एकच गुण मोजून केलेली निवड किती टिकते हे त्यातून दिसतं. ग्रिफिनचं वेगळेपण हेच की त्याच्याकडे पाचही गुण आहेत.

डावखुरा

हुआन सोटो विसरू नका. २०१८, वय १९. डबल-एमध्ये फक्त ८ सामने आणि मेमध्ये थेट वॉशिंग्टनच्या नॅशनल्सकडे. .२९२, २२ होमरन. पायऱ्या मोजत बसले असते तर तो २०१९ मध्ये आला असता, आणि त्याच २०१९ मध्ये नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

गेल्या वर्षी टोरांटो ब्लू जेजचा पिचर ट्रे येसॅव्हेजने काय केलं बघा. एप्रिलमध्ये सिंगल-ए, सप्टेंबरमध्ये मेजर लीग, आणि वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात डॉजर्सचे १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार बॉलमुळे फुकट बेस) नाही. नवख्याने वर्ल्ड सिरीजमध्ये एवढे आजवर घेतले नव्हते.

अलेगेनीकाठ

पिचरचं गणित वेगळं. त्याच्या खांद्यात आणि कोपरात मोजके चेंडू असतात, ते खालच्या पायरीवर का खर्चायचे? येसॅव्हेजचा स्प्लिटर (शेवटी अचानक खाली पडणारा चेंडू) कुणालाही चुकवतो, मग तो लगेच वापरलेलाच बरा. बॅटरला दुसऱ्याच्या चेंडूला उत्तर द्यायचं असतं.

सोटोचं उदाहरण मात्र मोलाचं आहे. त्या वर्षी त्याने ११६ सामन्यांत ७९ वॉक घेतले. एकोणिसाव्या वर्षी! म्हणजे कुठला चेंडू सोडायचा हे त्याला येतानाच कळत होतं. वय, पायरी, होमरन या सगळ्यापेक्षा मी हीच कसोटी लावतो. ग्रिफिन त्या कसोटीला मेजर लीगच्या पिचरसमोर उतरेल का, हे महिनाभराच्या डबल-एवरून मला सांगता येत नाही.

डावखुरा

मग ही कसोटी ब्रेडेंटनलाच लावू. सराव सामन्यांची सरासरी कुणी इथे टाकू नका, सातव्या इनिंगनंतर समोर मायनर लीगमधलीच पोरं असतात. फक्त पहिल्या तीन-चार इनिंग बघायच्या, समोर खरा मेजर लीगचा पिचर असताना. दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर जाणारा स्लायडर तो सोडतो की त्यामागे धावतो? महिनाभर सोडत राहिला, तर तुम्ही मत बदलणार का?

अलेगेनीकाठ

पहिल्या दिवसाला माझा विरोध राहील. पण तसं दिसलं तर दोन महिन्यांचा हट्ट सोडून एप्रिलअखेरवर यायला मी तयार आहे.

पगारपत्रक

एप्रिलअखेर म्हणजे १७२ दिवस हुकले. ड्राफ्टची निवड परत गेलीच!

व्हर्जिनियाकर

तिघांनी मिळून त्या पोराचं कॅलेंडर ठरवलंत. माझा कौल अजून पहिल्या दिवसालाच. सराव सामने सुरू झाले की दोन स्ट्राइकनंतरचे त्याचे चेंडू मी इथेच लिहीत जाईन, पिचरच्या नावासकट. स्टॉपवॉच, ब्रेडेंटनला कुणी ओळखीचं असेल तर पहिल्या बेसपर्यंतची वेळही मिळवा.