चाळीत सामूहिक गोधडी: वीस जण, दोन रविवार, जमेल का?

लालबागकर: मंडळाच्या खोलीत वीसेक रहिवाशांनी मिळून एक गोधडी शिवायची आहे. प्रत्येकाने घरातलं जुनं कापड आणायचं आणि शिवता शिवता त्याची गोष्ट सांगायची. ती रेकॉर्ड करणार. माप, दोरा, बैठक कशी ठरवू?

धावदोरा: वीस जणांना एकाच गोधडीला बसवू नका. चहूबाजूंनी शिवत आत आलं की मधे झोळ साठतो, मग तो काही केल्या बसत नाही. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत १९८७ पासून शिवली जाणारी गोधडी आहे, एड्स मेमोरियल क्विल्ट. तिच्यातही ३ बाय ६ फुटांचे तुकडे वेगवेगळे होतात, मग आठ जोडून १२ फुटी चौकोन करतात. तुम्ही पाच-पाच जणांचे चार गट करा. प्रत्येकी ३ बाय ४ फूट, जोडून ६ बाय ८.

पहिल्या रविवारी थर अंथरून मधून कडेकडे वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला, म्हणजे थर हलणार नाहीत. दुसऱ्या रविवारी धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा सरळ टाका, तोही मधूनच बाहेर. दोघं इकडे, दोघं समोर, पाचवा सुया ओवून देईल. इंचावर एक ओळ धरली तर एका तुकड्याला ३६ ओळी, दुहेरी दोरा साधारण ११० मीटर. कडेला दोन बोटं मोकळी सोडा, नाहीतर तुकडे जोडायला जागा उरत नाही.

कापड सुतीच हवं, आधी धुतलेलं. शंका आली तर एक धागा जाळा: सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून गाठ धरतं. पण कोणी आईची नायलॉनची साडी आणली तर परत पाठवू नका. तळहाताएवढा तुकडा कापा, कडा दुमडून सुती कापडावर बारीक टाक्यांनी बसवा. विरलेलं लुगडं वर नको, मधल्या थरात चालेल.

गोष्टवेल्हाळ: कापायच्या दिवशी रेकॉर्डिंग करूच नका, सगळं लक्ष कात्रीत असतं. धावदोऱ्याला हात लागला की माणसं आपसूक बोलतात. माइक फिरवून ‘आठवण सांगा’ म्हटलं की भाषण सुरू! त्यापेक्षा ‘हे शेवटचं कोणी नेसलं?’ विचारा. फोन गोधडीवर ठेवलात तर कापडाची खसखसच ऐकू येईल. स्टुलावर ठेवा, पंख्याच्या झोतापासून लांब. नाडीच्या तुकड्यावर नंबर लिहून तो कापडामागे शिवा, तोच नंबर फाइलला द्या. परवानगी मात्र रेकॉर्डिंग ऐकवल्यावर पुन्हा घ्या. चाळीत ऐकणारे शेजारीच असतात.

लालबागकर: कच्च्या टाक्यांऐवजी टाचण्या चालतील?

धावदोरा: आठवडाभर? मुंबईच्या दमटपणात गंज धरतील, आणि सुतावरचा गंजाचा डाग साबणाने जात नाही.