निर्यातबंदी आवश्यक वस्तू कायद्यातून येते का?

बांधावरचा: खुल्या बाजाराची बाजू मांडणारे म्हणतात, आवश्यक वस्तू कायदा रद्द झाला की कांद्यावर निर्यातबंदी येणंही थांबेल. कायद्याने हे खरं आहे? आणि कोर्टात दाद का लागत नाही?

कलमबहाद्दर: नाही थांबणार. साठामर्यादा, म्हणजे व्यापाऱ्याने किती माल साठवायचा याची सरकारी मर्यादा, १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याच्या कलम ३ मधून येते. निर्यातबंदी १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातून, तिथलंही कलम ३च, म्हणून गल्लत होते. निर्यातशुल्क तर सीमाशुल्काच्या कायद्यातून, अर्थ खात्याकडून. २०२३ मध्ये ऑगस्टला ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही), ८ डिसेंबरला थेट बंदी. यातल्या एकासाठीही १९५५ चा कायदा लागला नाही.

कोर्टाचं म्हणाल तर १९५५ चा कायदा १९७६ पासून राज्यघटनेच्या परिशिष्ट ९ मध्ये आहे. तिथल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या भंगावरून सरळ आव्हान देता येत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या कोएल्हो निकालाने २४ एप्रिल १९७३ नंतर तिथे घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतात, एवढी फट आहे.

चाळकरी: साठामर्यादेने मात्र जास्त खोल जखम होते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत कांदाचाळीतून, म्हणजे साठवणुकीच्या शेडमधून, पुरवावा लागतो. सड, कोंब, वजनातली घट मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. ही तूट आणि अडकलेलं भांडवल सोसायची व्यापाऱ्याची तयारी असते ती पुढच्या भावाच्या आशेवर. २३ ऑक्टोबर २०२० ला घाऊकवाल्यांना २५ टनांची मर्यादा घातली. जेमतेम दोन ट्रक! नाशिककडे व्यापारी लिलावातून बाजूला झाले, ट्रॉली शेतकऱ्याची अडली. शिवाय असा हिसका एकदा बसला की पुढच्या मे महिन्यात साठवायला कोण उचलेल? म्हणजे सुगीत भाव आणखी पडणार आणि टंचाईत आणखी चढणार.

बांधावरचा: पण आवश्यक वस्तू कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने साठामर्यादेचे अधिकार बांधले होते ना?

कलमबहाद्दर: कागदावर, तेही २०२१ मध्ये ती दुरुस्ती रद्द होईपर्यंत. फळं-भाजीपाल्याचे किरकोळ भाव दुप्पट झाले तरच मर्यादा घालायची, अशी अट होती. पण तुलना गेल्या १२ महिन्यांच्या भावाशी किंवा ५ वर्षांच्या सरासरीशी, यातलं जे कमी असेल त्याच्याशी. २०१९ ला कांदा महागच होता. त्याच्याशी तुलना झाली असती तर अट भरलीच नसती. सरासरीवर ती भरली आणि ऑक्टोबरची मर्यादा आली. आणि त्या दुरुस्तीचं विधेयक संसदेत असतानाच, १४ सप्टेंबरला, निर्यातबंदी आली, दुसऱ्याच कायद्याने. तेव्हा कायदा रद्द करायची मागणी करायचीच तर विदेश व्यापार कायद्याचं कलम ३ही त्यात घाला.