मे महिन्यातल्या रिसेप्शनला लॅम्बेथ केक टिकेल का?

प्रश्न: सोलापुरात लॉनवर रिसेप्शन आहे, संध्याकाळी ७ला. नवरीला सध्या चाललेला आयसिंगच्या झालरी-झालरींचा, तीन मजली लॅम्बेथ केक हवाय.

उत्तर १: व्हिप क्रीम अजिबात नको, झालरी बघता बघता बसतात. आत पांढऱ्या चॉकलेटचं गनाश (चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण) घ्या: एरवी ३ भाग चॉकलेटला १ भाग क्रीम, उन्हाळ्यात ४ला १. त्यावर फॉन्डंट (साखरेची लाटलेली पोळी), मग रॉयल आयसिंगची (अंड्याचा पांढरा भाग नि पिठीसाखर, वाळून कडक होतं) झालर. बटरक्रीमवर (लोणी-साखरेच्या क्रीमवर) ही झालर थेट घातली तर स्निग्धांश शोषून मऊ पडते, सुटते.

उत्तर २: फ्रीजमधून काढल्यावर खोकं लगेच उघडू नका, फॉन्डंटला घाम सुटून रंग ओघळतो. खालच्या दोन मजल्यांत आधाराच्या नळ्या हव्यातच.

उत्तर ३: खालच्या मजल्यावर सोलापुरी चादरीची नक्षी स्टेन्सिलने काढा. तिन्ही मजल्यांवर झालर म्हणजे अतीच!