साल्वादोरमधले शेजारी, कलाकार आणि शहराचा इतिहास: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, ब्राझीलमधल्या बाइया राज्याची राजधानी साल्वादोर. पोर्तुगीजांनी १५४९ मध्ये वसवलेलं हे शहर १७६३ पर्यंत त्यांच्या ब्राझीलची राजधानी होतं. आफ्रिकेतून पकडून आणलेली लाखो माणसं या किनाऱ्यावर उतरवली गेली आणि आजचं साल्वादोर बहुतांशी त्यांच्याच वंशजांचं आहे. आपल्यापैकी कुणी कामासारीच्या कारखान्यांत नोकरीला आलं, कुणी विद्यापीठात, कुणी लग्न होऊन. प्रेक्षणीय स्थळांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला ऐकायचंय ते असं: शेजाऱ्यांनी, नाक्यावरच्या विक्रेत्यांनी, वस्तीतल्या कलाकारांनी तुम्हाला या शहराचं काय सांगितलं? मोठं लिहा, चार ओळी लिहा, सगळं चालेल.

सुरुवात मी करते. आमच्या नाक्यावर दुपारी चारच्या सुमाराला आकाराजे विकणारी बाई बसते. पांढरा लेसचा घेरदार घागरा, डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा. आकाराजे म्हणजे चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, कांदा-मीठ घालून हलकी होईपर्यंत फेटायची आणि देंदे नावाच्या लालभडक पामतेलात तळायची. मग मधोमध चिरून आत वातापा नावाचं घट्ट सारण, सुकी कोळंबी, मिरचीचा ठेचा. पहिला घाणा ती कधीच विकत नाही, छोटे छोटे तळून बाजूला ठेवते. ते देवाचे. हे पक्वान्न वादळाची देवता इयान्सां हिचं. ओळख झाल्यावर तिने सांगितलं की तिच्या आजीची आजी याच कामावर होती. गुलामगिरीच्या काळात मालक बायकांना रस्त्यावर विक्रीला पाठवत, ठरलेली रक्कम घेत आणि वरचे पैसे साठवून काहीजणी स्वतःची, मुलांची सुटका विकत घेत. २००५ मध्ये या बायकांच्या कामाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली. तरीही २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी स्टेडियमपाशी त्यांना बसू देणार नव्हते. त्यांनी निदर्शनं केली, हजारोंच्या सह्या गोळा केल्या आणि आत विक्रीचा हक्क मिळवला. हे सांगताना तिचा झारा हवेत होता आणि मागे रांग थांबली होती. कुणी कुरकुर केली नाही, सगळे ऐकत होते.

मूळ कोल्हापूर, सासर साल्वादोर

माझा अनुभव भेंडीचा आहे. सप्टेंबरच्या २७ तारखेला इथे कोझ्मे आणि दामियां या जुळ्या संतांचा दिवस असतो. कान्दोम्ब्लेत, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या इथल्या धर्मात, जुळ्या बालदेवता आहेत, इबेजी. दोन्ही श्रद्धा इतक्या मिसळल्यात की सासूबाई सकाळी चर्चमध्ये जाऊन येतात आणि दुपारी इबेजींसाठी कारुरू करतात, त्यात त्यांना काही वेगळं वाटत नाही. कारुरू म्हणजे भेंडी, सुकी कोळंबी, शेंगदाणे, काजू, आलं, कांदा आणि देंदे तेल. भेंडी किती घालायची याला नवस असतो. आमच्याकडे हजार.

आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात विळ्यासुऱ्या घेऊन जमल्या. भेंडी धुवायची, एकेक फडक्याने कोरडी पुसायची, उभी चार भागांत चिरायची आणि मग बारीक. पुसायचं कुणी मला सांगावं लागलं नाही, तेव्हा शेजारच्या दोना, म्हणजे काकू, म्हणाल्या, ‘‘हिला येतं!’’ त्यानंतर मी त्यांच्यातली झाले. पोर्तुगीज तेव्हा जेमतेम समजत होतं, पण चिरता चिरता कुणाचा मुलगा कुठे कामाला, कुणाची आजी कुठल्या मळ्यावरून पळून आली होती, हे सगळं कानावर पडत राहिलं. या शहराचं मला जे कळलंय त्यातलं निम्मं त्या अंगणात कळलं.

दुसऱ्या दिवशी मोठी माणसं थांबतात. आधी सात मुलं खाली चटईवर बसतात, मधे एकच परात, सगळी हाताने खातात आणि बाकीचे भोवती टाळ्या वाजवत गातात. मुलांचं पोट भरल्याशिवाय कुणाच्या ताटात काही पडत नाही. घरातला मुलगा म्हणून माझा लेक त्या सातांत होता. काही भेंड्या अख्ख्या ठेवतात. ज्याच्या ताटात ती येईल त्याने पुढच्या वर्षी कारुरू घालायचा. मागच्या वर्षी माझ्या ताटात आली. तेव्हा या सप्टेंबरला सगळ्यांनी यायचंय. शाकाहारी मंडळींसाठी कोळंबीशिवाय वेगळं पातेलं करीन, सासूबाईंची परवानगी घेतली आहे.

रत्नागिरीचा, मुक्काम ब्रोतास

भेंडीवरून फणस आठवला. फणस आणि आंबा पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडून इकडे आले. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं साल्वादोरच्या बंदरात थांबत. आज इथे परसात, टेकडीच्या उतारावर, बसस्टॉपमागे फणस उभे आहेत. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं, ‘‘तुला मऊ आवडतो की घट्ट?’’ म्हणजे बरका की कापा! इथेही दोन्ही वेगळे ओळखतात आणि त्यावरून घराघरांत आपल्यासारखेच दोन पक्ष आहेत. हाताला तेल लावून त्यांनी फणस फोडला, मी आठळ्या मागून घेतल्या. उकडून, मीठ लावून त्यांना दिल्या तर म्हणाले, आमची आईही अश्शाच करायची. फणस आमच्याकडून आलाय हे मी सांगितलं, ते त्यांना अजिबात पटलेलं नाही. त्यांच्या लेखी तो बाइयाचाच आहे, आणि इतक्या पिढ्या खाल्ल्यावर तसं म्हणायचा त्यांना हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

वर्ध्याचा, कामासारीत नोकरी

मी वर्ध्याचा. सेवाग्राम आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. त्यामुळे पुढचं वाचताना माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

कार्निव्हलच्या रविवारी पेलोरिन्योच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, उतारावर उभा होतो आणि समोरून हजारो पुरुष आले. सगळे पांढऱ्या झग्यात, डोक्याला पांढऱ्या टॉवेलचा फेटा आणि त्यावर निळा खडा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, हवेत लॅव्हेंडरचा वास. फलकावर नाव: फिल्योस दे गांधी. गांधींचे पुत्र. माझ्या इमारतीतले, बंदरातून निवृत्त झालेले एक सेउ (वडीलधाऱ्या पुरुषांना इथे असं म्हणतात) त्यात होते. मला पाहून ते रांगेतून बाहेर आले, स्वतःच्या गळ्यातली एक माळ माझ्या गळ्यात घातली आणि परत रांगेत गेले.

नंतर त्यांच्या घरी बसून सगळं ऐकलं. गांधीजींची हत्या झाली जानेवारी १९४८ मध्ये. त्यानंतरच्या वर्षी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, इथल्या बंदरावरच्या हमालांनी हे पथक काढलं. दिवस मंदीचे, कामगार संघटनेवर सरकारची करडी नजर. अशा वेळी काळ्या कामगारांनी एकत्र रस्त्यावर उतरायचं तर शांततेच्या माणसाचं नाव घेऊन, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या वर्षी अंगावर चादरी गुंडाळल्या होत्या. दारूला बंदी होती. वाजवायचे ते इजेशा, कान्दोम्ब्लेच्या पूजेतला ताल. आणि हे ध्यानात घ्या की तेव्हा कान्दोम्ब्लेच्या पूजास्थानांना पोलिसांत नोंद करावी लागे, ती अट बाइयात १९७६ मध्ये संपली. म्हणजे ज्या देवांच्या पूजेला पोलिसांची परवानगी लागायची, त्या देवांचा ताल हे हमाल गांधींच्या नावाने भर रस्त्यात वाजवत होते. निळा-पांढरा रंगसुद्धा त्या देवांचा. सत्तरच्या दशकात पथक मोडकळीला आलं तेव्हा गायक जिल्बेर्तो जिल स्वतः त्यात सामील झाले आणि पुन्हा माणसं जमली.

सेउंनी मला सेवाग्रामबद्दल विचारलं. मी बापू कुटीचं सांगितलं. माती-बांबूची झोपडी, चटई, बुटकं लिहायचं डेस्क, १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले ते. सेउ मधेच उठले आणि बायकोला हाक मारून म्हणाले, ‘‘इकडे ये, हा त्यांच्या गावचा आहे.’’ मग मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. अभ्यासात गांधी वाचले, भाषणांत ऐकले. पण एका हमालाच्या घरात त्यांच्याबद्दल इतक्या आपुलकीने विचारणारं कुणी मला तोवर भेटलं नव्हतं. सुट्टीला गेलो की त्यांच्यासाठी चरख्यावरच्या सुताची गुंडी आणणार आहे.

सोलापूरची, काम बँकेत

पॅन्टची लांबी कमी करायला पियेदादे चौकाजवळच्या एका शिंपीकाकांकडे जायचे. चौकात चार अर्धपुतळे आहेत. बससाठी थांबताना रोज दिसायचे, कुणाचे ते विचारलं नव्हतं. एकदा काका म्हणाले, ‘‘त्यातले दोघे आमच्या धंद्यातले.’’ १७९८ मध्ये शहरात भिंतींवर पत्रकं लागली: प्रजासत्ताक हवं, सगळे समान हवेत, गुलामगिरी नको. हा शिंप्यांचा उठाव म्हणून ओळखला जातो. नोव्हेंबर १७९९ मध्ये याच चौकात चौघांना फाशी दिलं, दोन शिंपी आणि दोन सैनिक. शिंप्यांपैकी एकाचं नाव जोआं दे देउस. काकांच्या मशीनवर त्याचं चित्र चिकटवलेलं आहे, आणि दर नोव्हेंबरला ते पुतळ्याला फूल ठेवून येतात. सोलापुरात चार हुतात्म्यांचा चौक पाहत मोठी झालेली मी. त्या दिवशी बस सोडली आणि चारही नावं नीट वाचली.

पुण्याची

माझी मुलगी अकरा वर्षांची. शेजारची ताई तिला पेलोरिन्योत दिदाच्या तालमीला घेऊन गेली. दिदा हे बायका-मुलींचं तालवाद्य पथक. ओलोडुम या प्रसिद्ध ढोल पथकाचा सांबा-रेगे ताल ज्यांनी घडवला त्या नेगिन्यो दो सांबा यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं, कारण मोठे ढोल हे पुरुषांचंच काम असा समज होता. पोरीने कमरेला ढोल बांधला आणि परत येताना दोन्ही तळवे लाल. मी कॉलेजात ढोल-ताशा पथकात होते, त्यामुळे तिला बर्फ कसा लावायचा ते मला ठाऊक होतं. आता मीही मागे उभी राहून ठेका धरते.

विद्यापीठात शिकतो

थोडक्यात. तेरेइरो दे जेझूस चौकातल्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयात आफ्रो-ब्राझिलियन संग्रहालय आहे. तिथे कारिबे या चित्रकाराने देवदारात कोरलेले ओरिशांचे, म्हणजे कान्दोम्ब्लेच्या देवतांचे, २७ भव्य फलक आहेत. मी पाहत असताना सफाई करणाऱ्या मावशी जवळ आल्या, एका फलकासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, ‘‘ही माझी.’’ मग त्यांनी मला एकेक ओरिशा समजावला: कुणाच्या हातात काय, कुणाचा वार कोणता. कारिबे मूळचा अर्जेंटिनाचा, पण मावशींच्या मते तो इथलाच. १९९७ मध्ये त्याने प्राण सोडला तोही एका कान्दोम्ब्लेच्या पूजास्थानातच. संग्रहालयात जाल तर घाई करू नका, आणि तिथे काम करणाऱ्यांशी बोला.

मूळ नागपूर, दीर्घकाळ इथे

सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट इथे यायलाच हवी. पेलोरिन्यो म्हणजे जिथे खांबाला बांधून गुलामांना फटके मारत ती जागा. १९८५ मध्ये तो भाग जागतिक वारसा ठरला. तोवर तिथल्या पडक्या वाड्यांत शेकडो गरीब कुटुंबं राहत होती. १९९२ पासून सरकारने दुरुस्ती काढली, वाडे रंगवले आणि बहुतेक कुटुंबांना तुटपुंजी भरपाई देऊन बाहेर काढलं. माझ्याकडे घरकामाला यायच्या त्या बाई तिथेच जन्मल्या. आता उपनगरातून दोन बस बदलून येतात. त्या मला एकदा त्यांच्या वाड्यापाशी घेऊन गेल्या. खाली दुकान होतं. त्यांनी दुकानदाराला सांगून मागचं अंगण पाहिलं, भिंतीतला एक कोनाडा दाखवला, तिथे त्यांची आई दिवा लावायची. ज्या रंगीत भिंतींसमोर आपण फोटो काढतो, त्यांच्या आतल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. तिथे जाल तेव्हा ज्या घरात अजून कुणी राहतंय त्यांच्याकडून खा, त्यांच्याकडून विकत घ्या. मंगळवारी संध्याकाळी रोझारिओ दोस प्रेतोस चर्चच्या मिस्साला जा. काळ्यांच्या बंधुमंडळाने ते १८ व्या शतकात स्वतः कष्ट करून बांधलं आणि आजही ते त्यांच्याच ताब्यात आहे. ढोलकांच्या तालावर मिस्सा होते. जुने रहिवासी दुरून त्यासाठी येतात, त्या बाईही येतात.

साताऱ्याची, जूनअखेरीस येणार

पीएचडीच्या कामासाठी तीन महिने तिथे असेन. राहायला कुठे बघू, आणि इंग्रजीवर भागेल का?

धागाकर्ती

इंग्रजीवर नाही भागणार, निघण्यापूर्वी थोडं पोर्तुगीज शिकून घे. चुकलीस तरी इथे कुणी हसत नाही. राहायला सांतो आंतोनिओ ही वस्ती बघ, म्हणजे २ जुलै दारातच मिळेल. ब्राझीलचं स्वातंत्र्य १८२२ चं, पण बाइयातून पोर्तुगीज फौज निघाली २ जुलै १८२३ ला, आणि लोक खरा दिवस तोच मानतात. त्या दिवशी काबोक्लो आणि काबोक्ला, म्हणजे मूळनिवासी पुरुष आणि स्त्री, यांच्या मूर्तींचे रथ लापिन्या वस्तीतून ओढत नेतात. वाटेवरची घरं हिरव्या-पिवळ्या कापडांनी, पानांनी सजतात. आदल्या रात्री शेजारी शिडी धरायला हाक मारतील, नक्की जा. कोल्हापूरच्या ताईंच्या कारुरूपर्यंतही तू इथेच असशील.